आक्काचे जिवंत दात

जवळ सरक गं. उंबऱ्याशी पाहुण्यासारखी काय बसतेस? चहा दिला तर भिंतीकडं तोंड करून प्यालीस. मघाशी तुझ्या काकाची नक्कल करून दाखवली, तर हसलीस तीसुद्धा पंजा तोंडावर धरून. दात चांगले सगळेच्या सगळे जागेवर आहेत तुझे. कुणापासून लपवतेस? ही सवय तुझी नव्हे. ती माझ्या थोरल्या जावेची, म्हणजे तुझ्या आजीची. तिच्या मांडीवर वाढलीस. ती हसताना हात तोंडाशी नेई, म्हणून तूही नेऊ लागलीस. तिच्याकडं त्याला कारण होतं. ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं गोड काहीच नाही. मी सांगते, आणि लिहूनही ठेवते, कारण तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं तुझ्या मनानं जुळवतेस.

मी निघोज्याची. लग्न होऊन कुरुळीला आले तेव्हा स्वराज्य येऊन चार-सहा वर्षं झाली असतील. घरात सासू-सासरे, थोरले भावजी म्हणजे तुझे आजोबा, तुझी आजी, आणि आम्ही दोघं. तुझ्या आजीला मी आक्का म्हणायची. माझ्याहून ती बारा-पंधरा वर्षांनी मोठी. दोन पोरं झालेली, तिशी उलटलेली. आणि हसणं कसं, तर विहिरीवर हसली की वरच्या आळीला कळायचं आज धुण्याला कोण आलंय. ऊस दातानं अशी सोलायची की साल एका लांब पट्टीनं निघायची. आम्ही पट्ट्या मोजायचो आणि हरायचो. गोधडी शिवताना मी दोरा विळीवर कापायची. ती वाकून दातानं तोडायची आणि मला म्हणायची, "तुझी विळी शोदूस्तवर माझी एक रांग हुती."

हे सगळं बायकांत. मामंजी, म्हणजे सासरे, ओसरीवर आले की तिचा आवाज बंद. तिचा आणि माझाही. तेव्हाची रीतच ती. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, खायचं नाही, पाणी प्यायचं तर पाठ करून. ताट वाढलं हे सांगायला आम्ही तांब्यावर वाटी वाजवायचो. टण् झालं की ते उठून यायचे. आणखी भाकरी हवी असली की ते खाकरायचे. अशी इतकी वर्षं गेली, पण थोरल्या सुनेचा आवाज कसा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. अंधारात तिनं हाक मारली असती तर त्यांनी ओळखली नसती.

तुला वाटेल जाच होता. तसं नव्हतं गं. शेतात हुरडा झाला की पहिली परात सुनांना आत पाठवायचे. आक्काचा पोरगा तापला तेव्हा त्याला खांद्यावर टाकून चाकणपर्यंत चालत गेले. माणूस फार चांगला. म्हणूनच मला आजतागायत कुणावर रागावता आलं नाही. राग काढायला माणूस सापडला असता तर थोडं हलकं वाटलं असतं.

झालं असं. थंडीचे दिवस, कडबा माळ्यावर चढवायचं काम चाललं होतं. आक्का शिडीवर, मी खालून पेंढ्या देत होते. शिडी सारवलेल्या जमिनीवर सरकली आणि आक्का खाली आली ती थेट उखळाच्या काठावर हनुवटी आपटून. रक्त फारसं आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जबडा सुजून तोंड वाकडं दिसायला लागलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हळदीचा लेप घातला. सूज उतरेना. थोरले भावजी तेव्हा पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर होते, पहाटे सायकल काढायचे ते दिवेलागणीला परत. तिथल्या डॉक्टरला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, जबड्याचं हाड मोडलं असलं तर ते वाकडं जुळेल, पुण्याला नेऊन एक्स-रेचा फोटो काढा.

भावजींना रजा मिळेना. मग मामंजी म्हणाले, मी नेतो. चाकणच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची कांद्याची लॉरी पुण्याला जायची, तिचा ड्रायव्हर मामंजींच्या ओळखीचा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. त्यानं आक्काला पुढं बसवलं आणि म्हणाला, "भाभी, मोशीच्या पुढं रस्ता लई खराब. खड्डा आला की मी आधी ओरडंन, मग तुमी ओरडा." आक्का पदराआड हसली. सुजलेल्या तोंडानं हसली, दुखलं असेल तरी.

मी घरीच होते. तिथं जे झालं ते मला पुढं तुकड्या-तुकड्यानं कळलं.

संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा आक्काच्या तोंडात कापूस कोंबलेला, पदराला रक्त. मामंजींनी खिशातून कागदाची पुडी काढून आत्याबाईंच्या हातात दिली. उघडली तर चार दात. खालचे, समोरचे. हाड मोडलेलं नव्हतं म्हणे, नुसता मुका मार. पण फोटोत त्या चार दातांच्या मुळांशी काळे गोल डाग दिसले. पुण्याच्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, हाडात असा काळा डाग दिसतो तेव्हा बहुधा दात आतून मेलेला असतो आणि मुळाशी पू धरतो. वेळेवर काढला नाही तर जबडा पोखरतो. हिचे चारही मेलेत.

आत्याबाईंनी एकेक दात उजेडात धरला. "किडल्याला तर एक बी न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या.

"वरनं दिसत न्हाई ते," मामंजी म्हणाले. "आतनं मेल्यात. डागदरनं बर्फ लावूनशान तपासलं. माझ्या डोळ्यांदेखत."

आत्याबाईंनी पुडी तुळशीमागं पुरली. त्या दातांची मुळं मी पाहिली होती. लांब, स्वच्छ, पिवळसर. मला काय कळत होतं तेव्हा? वाटलं, मेलेला दात असाच असेल.

जखम भरली. सूज गेली. आक्का मात्र परत आली नाही. म्हणजे घरात होती, काम करत होती, पण विहिरीवर तिचा आवाज नाही. स, त, द असलं अक्षर आलं की वारा सुटायचा, मग ती शब्दच टाळायची. पोराला हाक मारायची तर नुसती टाळी वाजवायची. आत्याबाईंना थट्टेची खोड होती. त्या म्हणाल्या, "खिडकी उगडी राहिली तुजी, पाऊस येईल आत." दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. आक्कानं त्या दिवसापासून पंजा तोंडावर नेला तो कायमचाच.

ऊस आला त्या वर्षी. मी तिच्यापुढं कांडं धरलं. तिनं ते घेतलं, कोयतीनं तुकडे केले आणि पोरांना वाटले. स्वतः चोखायलाही घेतलं नाही.

डॉक्टरनं काही महिन्यांनी पुन्हा फोटोला बोलावलं होतं, हाड भरतंय का पाहायला. परत मामंजीच गेले घेऊन. या वेळी फोटोत मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या एकेका दाताच्या मुळाशी तसेच काळे डाग. बर्फ लावून पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाला, पसरतंय. पुढच्या महिन्यात येऊन हेही काढून घ्या. आत्याबाईंनी देव पाण्यात ठेवले. गावात कुजबुज सुरू झाली की कुरुळीच्या अमक्यांच्या सुनेला तोंडाचा वाईट रोग झालाय, पोरीबाळी तिथं देऊ नका. आक्काच्या माहेरून तिचा भाऊ आला आणि मुलं कुणाकडं राहतील असं विचारून गेला. जिवंत बाईसमोर विचारलं त्यानं. तिनं त्याला चहा करून दिला.

मग ती दुपार. आम्ही दोघी पडवीत गोधडी घालत होतो. घरात पुरुष कुणी नव्हतं. सवयीनं आक्का दोरा तोडायला वाकली. समोरचे दात नाहीत, म्हणून बाजूच्या दातात धरला, जायच्या त्या दोघांतल्या एकात. दोरा तुटला. ती तशीच वाकलेली राहिली.

"ह्ये बी जाणार आता," ती म्हणाली. "जाऊ देत. त्यो बर्फाचा जाच तरी संपंल."

मी म्हटलं, "कसला जाच? मेलेल्या दाताला बर्फ काय करणार?"

"मेलेल्या?" ती माझ्याकडं बघत राहिली. "अगं, खडा टेकवला की डोक्यात कळ जायाची. जोडवी पायात रुतली इतकी बोटं आवळली मी."

मी सुई गोधडीत खोचली. "मग सांगितलं नाहीस?"

"त्यो म्हणला, लागलं की हात वर करा."

"मग?"

"मामंजी बसले हुते की समोर."

एवढंच म्हणाली. आणि मला, गं, एवढ्यानंच सगळं कळलं. कुणालाही कळलं असतं आमच्यातल्या. परक्या पुरुषापुढं सून एकटी कशी ठेवायची म्हणून मामंजी आत जाऊन बसले, तिच्या काळजीनंच. आणि ते समोर असताना ती तोंड उघडून बसली हेच तिला मरणाचं झालं होतं. वर हात उंच करायचा, पदर ढळणार, बांगड्या वाजणार, सासऱ्यादेखत कळ दाखवायची. तिनं दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले. डॉक्टर पहिल्या दाताला विचारतो, लागलं का? हात खाली. दुसऱ्याला, हात खाली. तो शहरातला माणूस, त्याला काय कल्पना? त्यानं आपलं मानलं, दात मेलेत.

"मला वाटलं," आक्का म्हणाली, "आता दात काढायचाच हाय तर थोडं सोसलं म्हणून काय बिगाडतंय. एवढं लांब घेऊन आले म्हातारपणी, आन् मी बर्फाला भ्याले म्हणू?"

तिला ठाऊकच नव्हतं की त्या हातावर सगळं ठरणार होतं. तिला वाटलं, ती नुसती धीराची परीक्षा आहे.

मी उठून आत्याबाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्या निवडत होत्या ते सूप खाली ठेवलं. बराच वेळ तुळशीकडं बघत बसल्या. त्यांनी मामंजींना कधी, कोणत्या शब्दांत सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मामंजी दाराबाहेरून भिंतीला सांगावं तसं बोलले, "थोरलीसंगं धाकटी जाईल आत. मी भायेर बसंन."

आम्ही गेलो. परत चाचाची लॉरी. तो म्हणाला, "आज भाभी खड्ड्याला पण ओरडत न्हाईत."

दवाखान्यात मामंजी बाहेरच्या बाकावर बसले, हातात टोपी. मधे नुसता पडदा. मी डॉक्टरला म्हटलं, "काढायच्या आधी एकदा बर्फ लावा. आज ती सांगेल." त्याला नवल वाटलं, पण तरुण होता, तुसडा नव्हता. कापसात बर्फाचा खडा धरून त्यानं त्या दोनातल्या पहिल्या दाताला टेकवला.

आक्का ओरडली. "आई गं." लहान पोरीसारखी, मोठ्यानं, कोंडून ठेवलेलं सगळं एकदम. बाहेर बाक सरकल्याचा आवाज आला.

डॉक्टरनं दुसऱ्याला लावला. ती परत ओरडली. त्यानं वरच्या चांगल्या दाताला लावून पाहिला, तशीच कळ. गरम काहीतरी लावून पाहिलं. बोटानं हिरड्या दाबल्या, कुठं पू नाही, दुखत नाही. मग दोन्ही फोटो घेऊन तो खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. आम्हाला बसा म्हणाला आणि फोटो घेऊन बाहेर पडला, पलीकडच्या गल्लीत त्याचे गुरू राहायचे त्यांच्याकडं. आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

त्यानं समजावून सांगितलं, आणि मी ते ध्यानात ठेवलं, कारण आक्का ऐकण्याच्या पलीकडं गेली होती. काही बायकांना तिशी-चाळिशीत असं होतं. खालच्या समोरच्या दातांच्या मुळाशी हाड आधी मऊ पडतं, म्हणून फोटोत काळं दिसतं. पुढं त्यात आपोआप घट्ट हाडासारखं भरत जातं आणि काळ्याच्या जागी पांढरं येतं. रोग नाही, पू नाही, कर्करोग तर नाहीच. दात वर जिवंत असतो. याला औषध नाही, लागतही नाही. काही करायचंच नसतं. फक्त ओळखायचं असतं, आणि ओळखायची खूण एकच, दाताला कळ लागते की नाही.

आक्कानं पंजा तोंडावर धरूनच विचारलं, "मग माजे आदीचे?"

तो खाली बघत म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हात वर केला नाहीत."

खोटं नव्हतं बोलत तो. तेच तर वाईट. त्यानं शिवी दिली असती, उडवून लावलं असतं, तर आम्ही त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या. आक्कानं मान हलवली. "व्हय," म्हणाली, "मीच न्हाई केला." आणि तो सगळा भार उचलून तिनं आपल्या डोक्यावर घेतला, पाण्याची घागर घ्यावी तसा, आणि पुन्हा कधी खाली ठेवला नाही. मी किती वेळा समजावलं. तुझी चूक नाही, मामंजींची नाही, त्याची नाही. ती म्हणायची, "मग कुनाची?"

बाहेर आलो तर मामंजी बाकाच्या कडेला उभे. टोपीची घडी करून करून तिचा बोळा झाला होता. सुनेचा आवाज त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला तो असा. गेल्या वेळी तिच्या समोर हातभर अंतरावर बसून, डोळ्यांदेखत, त्यांनी काय पाहिलं आणि काय नाही, ते त्या पडद्याबाहेर त्यांना कळलं असणार. लॉरीत ते मागं, रिकाम्या पोत्यांवर जाऊन बसले. चाचा पुढं या म्हणाला, तर हातानंच नको म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांनी ओसरीवर जेवणं सोडलं. ताट गोठ्यात मागवायचे. आत्याबाईंना म्हणाले, "पोरींना सांग, भांडं वाजवू नका. तोंडानं हाक मारा. घरात मोकळं बोला." सासऱ्यानं असं म्हणणं म्हणजे त्या काळी गावाला हसायला जागा. त्यांनी पर्वा केली नाही. मी हाक मारायला लागले, चाचरत का होईना. आक्कानं नाही मारली. बोलायची मोकळीक मिळाली तेव्हा तोंड उघडायची तिची इच्छाच संपली होती. आधी रीत होती म्हणून तोंड बंद, मग दात नाहीत म्हणून बंद. मधे एक दिवससुद्धा मिळाला नाही तिला.

पुण्याच्या डॉक्टरनं कवळी करून दिली, स्वतःहून. ती हिरडीला लागायची. तुझ्या बापाच्या लग्नात एक दिवस घातली, मग ती कोनाड्यात वाटीत राहिली. मामंजी शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा पेज तीच न्यायची. दारात उभी राहून तांब्यावर वाटी वाजवायची. टण्. ते भिंतीकडं तोंड फिरवायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "आक्का, अगं हाक मार की, म्हाताऱ्याला बरं वाटंल." ती म्हणाली, "माझा आवाज त्यांनी ऐकलाय एकदा. आता नको." आणि ते गेले, हाक न ऐकता.

आणि ते बाजूचे दोन दात, ज्यांना काळे डाग होते, जे पुढच्या महिन्यात काढायचे होते, ते तिच्या मरेपर्यंत तोंडात होते. ती गेल्यावर तिला शेवटचं न्हाऊ घालताना मी पाहिले. घट्ट, जागच्या जागी, शेवटपर्यंत कळ लागलेले. मला आनंद व्हायला हवा होता ते बघून. मला त्यांच्या मधली मोकळी जागाच दिसली.

म्हणून म्हणते, हात खाली घे. तो तुझा नाही. तुला कुणापुढं पाठ करून चहा प्यायचा नाही, कुणापुढं कळ गिळायची नाही, डॉक्टरपुढं तर नाहीच. तो विचारतो तेव्हा खरं सांगायचं, खोलीत कुणीही बसलेलं असो. मला ठाऊक आहे, एका दिवसात जायची नाही सवय. आक्काची गेलीच नाही.

आता निघायची घाई आहे तुला, तुझी बस. बरं, जा. पण मागच्या वेळेसारखं वर्षभर लावू नकोस. महाळुंग्याकडं एकाचं रान अजून कंपनीत गेलेलं नाही, तिथून ऊस आणवते. मला आता सोलवत नाही. तू माझ्यासमोर बसून दातानं सोल, साल लांब निघते का बघू. लौकर ये.